पाठीवरचे बिऱ्हाड

खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. पत्र लहान आहे, पण त्यातील प्रश्न या सदराला नवा आहे. तिचा धाकटा मुलगा महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत मित्रांबरोबर सह्याद्रीतील किल्ले चढतो आणि येत्या नोव्हेंबरात आमच्या संघाबरोबर जुन्या गोव्याला पायी यावयाचे म्हणतो. मुलाच्या मामाने अमेरिकेहून येताना त्याच्यासाठी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट असलेली एक मोठी सॅक आणली. मुलाला ती नको आहे. मित्रांच्या सॅका आटोपशीर. त्यांची चौकट आत, कोणाच्या दृष्टीस न पडणारी. मामाची सॅक घेतली की पाठीवर शिडी बांधल्यासारखे दिसते, असे चिरंजीवांचे म्हणणे. नवी घ्यावी तर पैसे लागतात. जुनी घे म्हणावे तर मुलगा रुसतो. "फादर, आपण दर वर्षी चालता. दोहोंत चांगली कोणती ते लिहावे, म्हणजे आमच्या घरातला वाद मिटेल," असे तिने कळविले आहे.

वाद मिटेल की वाढेल, हे मला सांगता येत नाही. शिवाय या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार जाणकाराचा नाही, चुकलेल्या माणसाचा आहे. त्या चुकीविषयी पुढे लिहितोच. आधी ओझ्याविषयी थोडे.

ओझे वाहण्याच्या आपल्याकडील जुन्या रीती पाहा. पाटीवाली डोक्यावर चुंबळ ठेवते. भार मानेतून कण्यात आणि कण्यातून पायांत सरळ उतरतो. कावडवाला खांद्यावर भार घेतो खरा, परंतु दोन्ही अंगांस सारखे वजन टांगून आणि वाटेत खांदे बदलीत. घागर आणि मूल ही मात्र आपल्या बायका कडेवर घेतात, म्हणजे कमरेच्या हाडाच्या काठावर. हे हाड रुंद व बळकट. त्याच्याखाली मांडीची हाडे आणि शरीरातील सर्वांत मोठे स्नायू. खांद्याची गोष्ट निराळी. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा गळपट्टीच्या हाडामागून जातात, आणि तेथे अरुंद पट्टा तासन्‌तास रुतला तर त्या दबतात. म्हणून लांबच्या वाटेवरचे ओझे खांद्याने वाहावयाचे नसते, कमरेने वाहावयाचे असते. सॅकेतील चौकट एवढ्याच कामासाठी आहे. मऊ थैलीत दहा किलो सामान भरले तर ती खाली बसते आणि खांद्यांवरून लोंबू लागते. कडक चौकट असली की तिचे खालचे टोक कमरपट्ट्यावर टेकते, भार नळ्यांतून वा पट्ट्यांतून कमरेवर उतरतो, आणि खांदेपट्ट्यांकडे सॅक मागे कलू न देण्याचे हलके काम उरते. चौकट आत असो की बाहेर, तिचे काम हेच.

माणसाला हे फार पूर्वीच उमगले असावे. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, बर्फात एका पुरुषाचा देह सापडला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ हेझलची वाकविलेली लांब काठी आणि लार्चच्या लाकडाच्या फळ्या मिळाल्या. ती पाठीवरची चौकट असावी असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्या काळातील चौकटीची कथा अमेरिकेतील आहे. लॉइड नेल्सन नावाच्या गृहस्थांनी अलास्कात तेथील मूळ रहिवाशांची, काठ्यांवर कातडे ताणून केलेली पाठचौकट पाहिली आणि तिच्यावरून लाकूड व कॅनव्हासची चौकट बनविली. १९२४ साली तिचे पेटंट त्यांना मिळाले. मात्र तिचा भार खांद्यांवरच राहिला. पुढची पायरी कॅलिफोर्नियातील डिक केल्टी यांची. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत फिरताना त्यांनी व त्यांच्या सोबत्याने चौकटीच्या खालच्या टोकांना विजारीच्या मागच्या खिशांत घालून पाहिले, आणि खांदे एकाएकी मोकळे झाले! खिशांच्या जागी पट्टा आला आणि कमरपट्ट्याची सॅक जन्मास आली. १९५२ साली त्यांनी घरच्या गॅरेजात ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकविण्यास आरंभ केला. थैल्या त्यांची पत्नी घरी शिवीत असे. पहिल्या वर्षी अवघ्या २९ सॅका विकल्या गेल्या. १९६३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या अमेरिकन मोहिमेच्या पाठीवर याच सॅका होत्या. आपल्या विहिरींवरील बायकांना जे ठाऊक होते ते कळण्यास खिशांचा प्रयोग लागला, याची मला मौज वाटते.

आतल्या चौकटीची सॅक त्यानंतरची. १९६७ साली ग्रेग लोव या गिर्यारोहकाने ती तयार केली. खडक चढणाऱ्याला बाहेरची चौकट अडचणीची होते. पाठीपासून दूर राहिलेले ओझे शरीर वळले की मागाहून वळते. ज्या क्षणी तोल सांभाळावयाचा त्याच क्षणी ते विरुद्ध बाजूला ओढते. लोव यांनी कडक पट्ट्या थैलीच्या आत पाठीलगत बसविल्या आणि ओझे अंगाला चिकटविले. आज बाजारात जवळजवळ सर्वत्र हीच जात दिसते. आपल्याकडच्या दुकानांत बाहेरच्या चौकटीची सॅक शोधूनही क्वचितच मिळते.

परंतु दुकानात नाही म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. आमची वाट पाहा. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, पुढे चोर्ल्याचा घाट उतरून केरी, साखळी, डिचोली आणि तेथून जुने गोवे. शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर, आणि बहुतेक सगळी डांबरी सडक. जांबोटीच्या परिसरात पहाटे कुडकुडावयास होते, पण घाट उतरून गोव्यात पाऊल टाकले की नोव्हेंबरातही दुपारी अंगातून घामाच्या धारा लागतात. अशा वाटेवर बाहेरची चौकट सुख देते. पाठ आणि थैली यांच्यामध्ये ताणलेली जाळी असते. मधून वारा खेळतो. भार उंचावर राहतो, त्यामुळे पुढे फार वाकावे लागत नाही. वाकडेतिकडे सामान, म्हणजे पातेले, चटई, पाण्याचा कॅन, नळ्यांना दोरीने बांधता येते. थैलीचे निरनिराळे कप्पे असल्याने मोजे काढण्यासाठी सगळा संसार रस्त्यावर मांडावा लागत नाही.

हीच सॅक घेऊन तो मुलगा किल्ल्यावर गेला तर काय होईल? सह्याद्रीतील वाट कारवीच्या रानातून जाते. कारवी माणसाच्या डोक्यावर जाते, आणि नळ्यांची वरची टोके तीत अडकतात. दर दहा पावलांना मागून कोणी झोळी ओढल्यासारखे होते. पुढे कातळाचा टप्पा आला, खोदलेल्या अरुंद पायऱ्या आल्या, की उंचावरचे वजन डुलू लागते. तेथे पाठीला चिकटलेली आतल्या चौकटीची सॅकच हवी. पाठ घामाने भिजते, ती भिजू द्यावी. एस.टी.च्या फळीवर, गाडीच्या बाकाखालीही तीच नीट बसते. नळ्यांची चौकट बसच्या टपावरून एकदा खाली आली, की सांधा निखळण्याची भीती असते.

भरण्याची रीतही दोहोंची वेगळी. बाहेरच्या चौकटीत जड वस्तू वरच्या कप्प्यात गेल्या तरी चालते; सपाट वाटेवर तसेच बरे. आतल्या चौकटीत मात्र निष्काळजीपणा चालत नाही. तळाशी झोपण्याचे अंथरूण, त्यावर कपडे. तांदूळ, डबे, पाणी असे जे जड ते पाठीच्या मध्यावर, कण्याला अगदी लागून. हलके बाहेरच्या अंगाला. जड डबा बाहेरच्या खिशात ठेवला तर सॅक माणसाला दिवसभर मागे ओढीत राहते.

येथे एक तिसरी जात सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ पालक तिलाच फसतात. बाजारात साठ-सत्तर लिटरच्या रंगीबेरंगी सॅका स्वस्तात मिळतात. आकार मोठा, बंद पुष्कळ, पण पाठीला केवळ स्पंजाचा तुकडा आणि कमरेला दोन बोटे रुंदीची फीत. चौकट आतही नाही आणि बाहेरही नाही! दुकानात सॅकेचा वरचा काठ आणि कमरपट्टा दोन्ही हातांत धरून दाबून पाहावे. ती घडीच्या गादीसारखी दुमडली, तर तिच्यात दोन दिवसांच्या कपड्यांहून जास्त घालू नये. आमच्या संघात दर वर्षी चारसहा जण अशा सॅका आणतात, आणि पहिल्या मुक्कामालाच पट्ट्याखाली टॉवेलाच्या घड्या घालू लागतात.

आता माझी चूक. आमच्या धर्मग्रामात पूर्वी असलेल्या एका परदेशी मिशनरी फादरांनी मागे ठेवलेली बाहेरच्या चौकटीची सॅक माझ्याकडे होती. फादर सहा फुटांहून उंच. मीही उंच असल्याने ती मला बरी बसे, आणि आठ वर्षे मी ती वापरली. २०२४ च्या नोव्हेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी येणारे दर्शन होते. संघ नेहमीपेक्षा मोठा निघाला, आणि एका तरुणाजवळ सॅक नव्हती म्हणून मी माझी त्याला दिली. त्याला येथे आंतोन म्हणतो. खरे नाव निराळे. अंगाने लहान, वय एकोणीस, उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर रोजावर काम करणारा. सॅक त्याच्या पाठीवर चढविली तेव्हा कमरपट्टा कमरेवर न राहता खाली मांड्यांपर्यंत उतरला. मी तो पाहिला. "पट्टा नाही लागला तरी चालेल, सामान मात्र पुष्कळ मावेल," असे मीच त्याला म्हणालो. एवढ्या चौकटीचा, एवढ्या नळ्यांचा सगळा भार त्या वाक्यासरशी त्याच्या दोन खांद्यांवर गेला.

कणकुंबीच्या मुक्कामी संध्याप्रार्थनेनंतर मी चार शब्द बोललो. पायांना फोड आले, अंग दुखले तर कुरकुरू नका; ते दुःख आपल्या प्रिय माणसासाठी प्रभूला अर्पण करा, असे सांगितले. दर वर्षी सांगतो. दुसऱ्या दिवशी घाट उतरलो, आणि त्याच्या पुढच्या संध्याकाळी साखळीत प्रार्थनेला उभे राहिलो. क्रुसाची खूण करताना आंतोनने डावा हात उचललेला मला दिसला. प्रथम रागच आला. मग पाहिले, तर उजवा हात छातीच्या वर जातच नव्हता. विचारल्यावर म्हणाला, "कालपासून बोटे बधिर आहेत, फादर. पण मी ते आईसाठी अर्पण केले आहे." त्याची आई तेव्हा आजारी होती.

डॉक्टरांनी नस दबल्याचे निदान केले. वैद्यकाच्या पुस्तकांत या विकाराला सॅकेवरूनच नाव पडले आहे. पट्ट्यांच्या दाबाने हाताचे बळ जाते, कधी पाठीचा फरा बाहेर येतो. बहुधा ते बळ परत येते, पण आठवडे लागतात, कधी महिने. आंतोनला सहा आठवडे लेथवर उभे राहता आले नाही, आणि रोजावरच्या माणसाचे सहा आठवडे म्हणजे काय, हे या वाचकांस सांगावयास नको. दुःख अर्पण करण्याची शिकवण मी मागे घेतलेली नाही. परंतु आता चालू लागण्यापूर्वीच सर्वांना बजावतो की फोड प्रभूला अर्पण करा, बधिरपणा मात्र मला येऊन सांगा, त्याच घटकेला.

त्या पावसाळ्यात एका रविवारी आंतोन घरी आला आणि त्याने ती सॅक मागितली. मला वाटले, घडले ते विसरण्यासाठी तो तिला फेकून देणार. त्याने ती जमिनीवर पालथी घातली आणि नळ्यांच्या अंगाला एकाखाली एक पाडलेली भोके मला दाखविली. ती वारा जाण्यासाठी असावीत असा माझा आठ वर्षांचा समज! खांदेपट्टे धरणारा आडवा दांडा दोन खिळ्यांनी त्या भोकांत अडकविलेला होता. आंतोनने खिळे काढले, दांडा तीन भोके खाली घेतला, आणि सॅक पाठीवर चढविली. पट्टा बरोबर कमरेच्या हाडावर बसला. दोन मिनिटांचे काम होते, आणि ते करण्यासाठी लेथही लागला नाही.

तेव्हा, भगिनी, आपल्या मुलाला कोणती चौकट हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न त्याच्या पाठीच्या मापाचा. माप उंचीवरून घेऊ नये. लांब पायांच्या उंच मुलाची पाठ आखूड असू शकते. मुलाला मान खाली घालावयास सांगावे. मानेच्या मुळाशी जे हाड वर येते तेथे टेपचे टोक धरावे. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या काठावर, अंगठे पाठीकडे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्याला जेथे छेदील तेथपर्यंत, पाठीच्या वळणाने टेप न्यावी. बहुतेक मोठ्या माणसांचे हे माप चाळीस ते पन्नास सेंटिमीटरांच्या आसपास येते. चांगल्या सॅकेवर ती कोणत्या मापासाठी आहे हे लिहिलेले असते, किंवा पट्टे वरखाली सरकविता येतात. मुलींची पाठ बहुधा आखूड, खांदे अरुंद. त्यांच्यासाठी वेगळ्या घडणीच्या सॅका मिळतात, त्या पाहाव्या. आपल्याकडे वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची काटकसरी रीत आहे. सॅकेच्या बाबतीत ती रीत म्हणजे आंतोनचे खांदे! वाढत्या मुलाला पट्टे सरकविता येणारीच सॅक घ्यावी.

दुकानात रिकामी सॅक चढवून पाहणे व्यर्थ आहे. घरून तांदळाची आठदहा किलोंची पिशवी न्यावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे. सर्व बंद सैल करून प्रथम कमरपट्टा हाडावर आवळावा, मग खांदेपट्टे, मग त्यांच्यावरून सॅकेकडे जाणारे लहान बंद, शेवटी छातीचा बंद. खांदेपट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली, की भार कमरेवर आला असे समजावे. आणि कितीही चांगली सॅक असली तरी सवय नसलेल्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक उचलू नये; शाळकरी मुलांनी तर त्याहूनही पुष्कळ कमी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेपाळी हमाल पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भार कपाळावरच्या पट्ट्याने वाहताना आढळले. हे वाचून आमच्या एका उत्साही तरुणाने पंचवीस किलोंची सॅक भरली होती. ते हमाल लहानपणापासून ते करतात, हे त्याला किणयेच्या अलीकडेच पटले.

सामान टेम्पोतून का पाठवीत नाही, असेही काही जण विचारतात. कित्येक संघ पाठवितात, त्यात गैर काही नाही; म्हाताऱ्यांचे व आजाऱ्यांचे आम्हीही पाठवितो. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल आधी परस्परांची ओझी वाहण्यास सांगतात आणि तीनच वचनांनंतर ज्याने त्याने आपले ओझे वाहावे असे म्हणतात. सेमिनरीत आम्हाला हा विरोध वाटे. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला 'बारोस', माणसाला दडपणारा भार. दुसरा 'फोर्तिओन', ज्याचे त्याने वाहून न्यावयाचे सामान. आपल्या ओझ्याला हलके म्हणताना ख्रिस्ताच्या तोंडी मत्तयाने हाच दुसरा शब्द घातला आहे. आमच्या संघात ज्याचा फोर्तिओन त्याच्या पाठीवर. पातेले, औषधांची पेटी आणि मिस्साचे साहित्य मात्र सगळ्यांचे, आणि ते वाटून घ्यावे लागते.

म्हणून आपल्या घरच्या वादाचा निकाल मी असा देतो. मामाची सॅक मुलाच्या मापाला लावता येत असेल तर तिने पदयात्रा खुशाल करावी. त्या सडकेवर मित्रांच्या भिजलेल्या पाठी पाहून तोच मामाला पत्र लिहील. किल्ल्यांसाठी आतल्या चौकटीची सॅक हवीच, पण ती एखाद्या मोहिमेपुरती मित्राकडून मागून, माप जुळवून, वापरून पाहावी. लगेच विकत घेण्याची घाई नको. सॅक मापाला लागत नसेल, तर मामाच्या प्रेमाखातरही ती मुलाच्या पाठीवर चढवू नये.

ऑक्टोबरातील दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, सभागृहात यंदाच्या यात्रेकरूंची मापे घेतली जातील. मुलींची मापे सिस्टर घेतील, मुलांची आंतोन. ज्याने त्याने आपली सॅक आणि तांदळाची पिशवी आणावी. माझी जुनी सॅक यंदाही आंतोनच उचलणार आहे. मिस्साची पेटी तिच्या नळ्यांना बांधावयाची आहे. दोऱ्यांना मी हात लावावयाचा नाही, असे त्याने मला आधीच सांगून ठेवले आहे.